विमान उतरवायची चावी

गेल्या वर्षी जुळे सोलापुरातल्या आमच्या फिल्म क्लबात सगळ्यांसमोर मी खोटा ठरलो. ठरवणाऱ्यांचं काही चुकलं नाही. एका जुन्या परदेशी विज्ञानपटाच्या शेवटाबद्दल मी वर्तमानपत्रातल्या माझ्या सदरात भरभरून लिहिलं होतं, दिग्दर्शकाच्या धाडसाला दाद दिली होती, आणि तो शेवट त्या चित्रपटात नव्हताच.

त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. आता मारून नेण्याइतकी वेळ माझ्याकडे उरलेली नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी सांगितलेला शेवटच बरोबर आहे. चूक चित्रपटाची आहे.

हे नीट कळायला आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत यावं लागेल. वडील दुसऱ्याच्या शेडमध्ये यंत्रमागावर चादरी विणायचे. आई आणि माझी थोरली बहीण, म्हणजे अक्का, घरी विड्या वळायच्या. दुपारी गल्लीतल्या आणखी चारसहा बायका आपापली सुपं घेऊन आमच्याकडे यायच्या, कारण आमच्या खोलीत वारा बरा येई. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं आणि तंबाखू, आणि सगळ्यांचे हात एका लयीत. मी कोपऱ्यात अभ्यासाचं पुस्तक उघडून बसलेला असायचो. पान क्वचितच उलटायचं.

त्या खोलीचा एक नियम होता. बायका आठवड्यातून एकीला पिक्चरला पाठवायच्या. तिनं बघून यायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगायचं. सांगताना तिला विड्या वळायची गरज नसे. तिच्या वाट्याच्या विड्या बाकीच्या वळून तिच्या सुपात टाकत, म्हणजे तिला हातवारे करायला हात मोकळे. मात्र सांगणारीनं रडवलं, तर वाटा बंद. यामागे काही रुक्षपणा नव्हता. रडू आलं की हात थांबतात, दोरा सैल बसतो, आणि संध्याकाळी कारखान्यात माल द्यायला गेल्यावर तपासनीस सैल विड्या काढून टाकतो. त्याला छाट म्हणतात. कुणाच्या रडण्यापायी दुसरीच्या मालात छाट निघालेली कुणाला परवडणार?

बाकीच्या एकदोनदा जाऊन आल्या आणि कंटाळल्या. अक्काला मात्र सांगायची हौस होती, त्यामुळे पुढंपुढं तिलाच पाठवायला लागल्या. आणि ती नेमके असले पिक्चर निवडायची, जे दुसरं कुणी बघायला जात नव्हतं. आमच्या भागातल्या टॉकीजमध्ये मॅटिनीला तेलुगूत डब केलेले परदेशी विज्ञानपट लागायचे. दोनतीन दिवस चालायचे, मग रिळांचे डबे पुढच्या गावाला. पोस्टरवर नेहमी एक गोरी बाई, एक लोखंडी माणूस आणि मागे दोन चंद्र. आई म्हणायची, "ह्यात गाणी नाहीत, लग्न नाही. बघतेस काय?"

"लग्न नाही म्हणून तर बघते," अक्का म्हणायची.

घरी आम्ही तेलुगू बोलतो. अक्काचं बोलणं मी इथं मराठीत लिहितोय, तेव्हा त्यातला अर्धा मसाला उडाला असं समजा.

या चित्रपटांची बाजू आज कुणी घेत नाही. क्लबातले लोक मोठे, गंभीर, पारितोषिकं मिळालेले विज्ञानपट बघतात आणि बघून झाल्यावर पाच मिनिटं गप्प बसतात. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण अक्कानं सांगितलेले पिक्चर पत्र्याच्या डब्याला बटणं चिकटवून केलेले होते, आणि त्यात माणसं जास्त होती. एका पिक्चरमध्ये रोज दुपारी साऱ्या शहरासाठी काळ थांबतो. एका लिफ्टमनसाठी तेवढा थांबत नाही. सगळे पुतळे झालेले, आणि हा एकटा फिरतोय. चोरी करील, सूड घेईल असं वाटतं. तो पहिल्यांदा काय करतो, तर साहेबाच्या खुर्चीत बसून डबा खातो. हा पिक्चर मी पुढे स्वतः शोधून पाहिला. सगळं अक्कानं सांगितलं तसंच होतं. तिनं त्यात काही घातलं नव्हतं. गरजच नव्हती.

नंतर शेजाऱ्यांकडे टीव्ही आला, तेव्हा एक मालिका लागायची. परग्रहावरचं एक कुटुंब पृथ्वीवर येतं आणि भाड्यानं खोली शोधत फिरतं. बस, एवढंच. त्यांना कुणी घाबरत नाही, कुणी गोळ्या घालत नाही. सगळे विचारतात, कुठले तुम्ही, माणसं किती, पाणी किती लागेल. पात्रांचे चंदेरी कपडे पाठीवर टाचण्यांनी आवळलेले दिसायचे. मालिका लवकरच बंद पडली, आणि आज ती कुणाला आठवतही नाही. माझ्या मते आपल्याकडे इतकी खरी विज्ञानमालिका पुन्हा झाली नाही. मी सदरात तसं लिहिलं, आणि तिच्यातला माझा सर्वांत आवडता प्रसंगही लिहिला. घरमालकीण सगळ्या चौकश्या करून नाहीच म्हणणार असते, इतक्यात तिला दिसतं की परग्रहावरच्या बाईला चार हात आहेत. मालकीण विचारते, "विड्या येतात का वळायला?" आणि डिपॉझिट माफ होतं.

वाचकांना तो प्रसंग फार आवडला होता. तो मालिकेत नव्हता, तो भाग मी अक्काच्या तोंडून ऐकलेला. त्या बाईला दोनच हात होते. चार हात दाखवायला निर्मात्याकडे पैसे कुठले?

आता त्या पिक्चरकडे येतो.

दूर कुठल्या तरी ग्रहावर हवा तयार करणारा कारखाना आहे. इथून गेलेली माणसं तिथं राबतायत. एक दिवस पृथ्वीवरून हुकूम येतो की कारखाना बंद, सगळ्यांनी परत या. न्यायला जे यान येतं त्यात एक जागा कमी असते. यान अक्कासाठी विमानच होतं, आणि तिच्या सांगण्यात पात्रांना नावं नसत. एक लांबुडका होता, एक सारखा खाणारा होता, आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक चष्मेवाला होता. तिथली यंत्रं पुसणारी, तेल घालणारी एक बाई होती. चष्मेवाला तिला म्हणतो, तू थांब, पुढच्या खेपेला नेतो. पुढची खेप नसते हे सगळ्यांना माहीत असतं. बाई हो म्हणते. विमान उडतं.

अक्का इथवर आली तेव्हाची दुपार मला अजून दिसते. खोलीत एक नवी सून बसायची. तिच्या सासरचे सगळे यंत्रमागाच्या कामाला भिवंडीला गेले होते. जागा लहान आहे, बस्तान बसलं की तुला नेतो, असं सांगून तिला मागे ठेवलं होतं. बरेच महिने झाले होते. तिचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही, पण दोरा तिच्या बोटात तसाच राहिला.

"मग?" कुणीतरी विचारलं. "मेली ती?"

अक्कानं तांब्याकडे बघितलं. तिला पुढचं आठवत नाही असं मला वाटलं. ती पाणी प्यायला उठली, तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि परत येऊन बसली.

"मरतीये कशाला! पिक्चर अजून हाय की. विमान वर गेलं. चष्मेवाला म्हणतो, चला, आता घरी उतरू. उतरवायची चावी शोधतोय तर चावी नाही. वर जाता येतं, खाली येता येत नाही. नुसतं फिरतंय, घिरट्या घालतंय. तेवढ्यात रेडिओवर बाईचा आवाज. 'साहेब, काही हरवलं का?'"

खोलीत कुणीतरी फिस्सकन हसलं.

"रोज यंत्र कोण पुसत होतं? तीच ना? तिला ठाऊक नसणार, कुठली चावी काढली की विमान खाली येत नाही? हो म्हणतानाच तिनं ती कमरेला खोचली होती. आता म्हणते, 'परत यायचं तर या. जागा करून या. तुमच्या पेट्या टाका खाली, सोन्याचे दगड भरलेत ते टाका. माणसाची जागा होईल.'"

"आणि उतरले कसे ते? चावी तर हिच्याजवळ," कुणीतरी शंका काढली.

"गप गं. तिनं खालून दोर टाकून ओढलं."

सगळ्या हसल्या. नव्या सुनेचा हात पुन्हा चालू झाला. त्या दिवशी अक्काच्या सुपात विड्यांचा ढीग पडला.

मी पुढे शिकलो, शाळेत मास्तर झालो, विज्ञान शिकवलं, निवृत्त झालो. एका स्थानिक वर्तमानपत्रानं रविवारच्या पुरवणीत लिहायला सांगितलं, तेव्हा मी दुर्लक्षित विज्ञानपटांवर लिहायला घेतलं. त्यातले कितीतरी मी बघितलेच नव्हते. पण ते मला बघितल्यासारखेच वाटायचे. रंग आठवायचे, आवाज आठवायचे. चष्मेवाल्याचा चेहरासुद्धा आठवायचा. सदर गाजलं. लोक मला विज्ञानपटांचे अभ्यासक म्हणायला लागले, आणि मी म्हणू दिलं. हे कुणाकडून ऐकलं, हे एकदाही लिहिलं नाही. घरातल्या बाईनं विड्या वळता वळता सांगितलं असं लिहिलं तर अभ्यासक कसा राहणार?

क्लबानं तो चित्रपट मूळ भाषेत मिळवला आणि प्रास्ताविकाला मला बोलावलं. मी अक्काला घेऊन गेलो. तिचे गुडघे गेलेत, म्हणून तिला मागच्या रांगेत दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. कुणाशी ओळख करून दिली नाही. मग पुढं जाऊन मी चांगली वीस मिनिटं बोललो. चावीचा प्रसंग रंगवून सांगितला. श्रमिकाचा प्रतिकार वगैरे शब्द वापरले.

चित्रपट सुरू झाला. कारखाना, हुकूम, कमी पडलेली जागा, सगळं आलं. बाई हो म्हणाली. विमान उडालं. बाईनं एकेक दिवा मालवला, दार लावलं, व्हायोलिन वाजलं, आणि अक्षरं वर सरकू लागली.

दिवे लागले तेव्हा सगळे पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होते. एका तरुण इंजिनिअरनं अगदी सभ्यपणे विचारलं, "सर, ती चावी?"

"आपल्याकडे आलेली प्रत वेगळी असेल," मी म्हणालो.

"सर, प्रतीत कापतात. नवीन शूटिंग करत नाहीत ना?"

हशा पिकला. क्लबाचे अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले आहेत, ते माझ्या मदतीला आले. "सरांनी लहानपणी पाहिलेला, होतं असं." मग मी तोंड उघडलं. म्हणालो, "खरं सांगू का, पाहिला नव्हता, ऐकला होता. आमच्या घरी विड्या वळणारी एक अडाणी बाई होती, तिनं काहीतरी भलतंच सांगितलं." आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो.

माझी बाजू सावरण्याच्या नादात मागच्या रांगेचा मला विसर पडला होता, असं लिहिता आलं असतं. पण नाही, विसर पडला नव्हता. तिला ऐकू कमी येतं, अशी मी मनाची समजूत घातली होती.

रिक्षात तिनं पदर सावरून घेतला. मग म्हणाली, "तम्मी, तुझा पिक्चर लई रडका निघाला." तम्मी म्हणजे आमच्यात धाकटा भाऊ. मी हं म्हणालो.

"तुला काय वाटलं होतं रे, गोऱ्या माणसांना एवढं सुचतं?"

तेव्हा मला तांब्या आठवला. पाणी प्यायला उठलेली अक्का आठवली. इतकी वर्षं मला वाटत होतं की ती शेवट आठवत होती. ती तो घडवत होती.

"अक्का, मी..."

"ती अडाणी बाई कोण म्हणालास?"

रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. घर आल्यावर ती माझा हात न धरता उतरली. तिला ते जमत नाही, तरी उतरली.

अक्का मुलाबरोबर विडी कामगारांच्या वसाहतीत राहते. स्वतः आता वळत नाही, बोटं वळत नाहीत. पण दुपारी तिच्या ओट्यावर अजून चारपाच बायका सुपं घेऊन बसतात आणि ती सांगते. म्हणजे सांगायची. त्या दिवसानंतर तिनं सांगणं सोडलं. "विसरले गं," एवढंच म्हणते. बायकांनी मोबाईल तंबाखूच्या डब्याला टेकवून मालिका लावायला सुरुवात केली. पण मोबाईल बघायला मान वर करावी लागते, आणि मान वर झाली की छाट वाढते. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, आईला काय झालंय? नुसती भिंतीकडे बघत बसते. बायका विचारतात, तरी तोंड उघडत नाही."

याच सुमारास पुण्याच्या एका प्रकाशकानं माझ्या सदराचं पुस्तक करायचं ठरवलं. संपादिका हुशार बाई. क्लबातला प्रकार तिच्या कानावर गेला होता. ती म्हणाली, "सर, तो चावीचा परिच्छेद आपण वगळू. चार हातांचाही. नाहीतर तळटीप देऊ. लेखकाची स्मृतिचूक."

"स्मृतिचूक नाही ती."

"मग काय म्हणू?"

"म्हणा, इथं चित्रपट अपुरा होता. तो माझ्या बहिणीनं पुरा केला."

"सर, हे पुस्तक चित्रपटांवर आहे ना? मग त्यांत जे आहे तेच..."

"बाई," मी म्हणालो, "त्या चित्रपटात एका बाईला मरायला मागे ठेवतात आणि व्हायोलिन वाजवतात. दिग्दर्शकाला त्यात त्याग दिसला. आमच्या खोलीत खरोखरच मागे ठेवलेली एक मुलगी बसली होती. तिच्या तोंडावर त्याग सांगायची अक्काची छाती झाली नाही, आणि झाली नाही तेच बरं झालं. विज्ञानपट म्हणजे काय असतं? जे अजून झालेलं नाही, पण होऊ शकतं, ते दाखवणं. मग त्या दोन शेवटांतला विज्ञानपट कुठला? दोन्ही परिच्छेद राहतील. राहणार नसतील तर पुस्तक राहू द्या."

ती विचार करून कळवते म्हणाली. करू दे विचार. क्लबातही मी पुढच्या महिन्यात उभा राहून हेच सांगितलं. मागच्या वेळी जिला अडाणी म्हणालो ती माझी सख्खी बहीण होती आणि ती इथंच बसली होती, हेही सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "भावना समजतात सर, पण वस्तुस्थिती..." मी म्हणालो, वस्तुस्थिती एवढीच की तुमचे चित्रपट पाहून तुम्ही पाच मिनिटं गप्प बसता, आणि तिचे ऐकून बायकांचे हात चालत राहिले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला नकोच होत्या.

पण हे सगळं अक्काच्या पाठीमागे चाललं होतं. तिच्यासमोर जायला मला जास्त दिवस लागले.

गेल्या आठवड्यात दुपारी गेलो. ओट्यावर बायका होत्या, अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं बघितलं आणि मान फिरवली. मी चपला काढून बायकांमध्येच बसलो.

"सर, तुम्ही?" एकीनं मोबाईल बंद केला. "खुर्ची आणू का?"

"नको. मी एक पिक्चर सांगायला आलोय."

"अगं बाई! सर पिक्चर सांगणार! सांगा की. पण नियम माहीत हाय न्हवं?"

"माहीत आहे."

मी सांगायला लागलो. मास्तरासारखंच सांगत होतो, हे मलाही कळत होतं. ग्रहाचं अंतर, हवेचं रसायन. एक बाई जांभई देऊन म्हणाली, "सर, परीक्षा हाय का शेवटी?" मग मी नीट सांगायला लागलो. लांबुडका आला, खाणारा आला. चष्मेवाल्यानं हुकूम दिला. बाई हो म्हणाली. विमान उडालं. बाईनं एकेक दिवा मालवला, दार लावलं.

मी थांबलो.

"मग?"

"संपला पिक्चर. तिथंच संपतो."

हात थांबले. कोपऱ्यातल्या एका पोक्त बाईनं पदर डोळ्याला लावला. तिचं काय होतं, मला माहीत नाही. मी अक्काकडे बघितलं नाही.

"रडवलंस?" भिंतीकडून आवाज आला. "ऊठ तिथनं. वाटा नाही तुला."

मी सरकलो. अक्का बसल्या जागी पुढे झाली.

"संपत नाही गं पिक्चर. ह्याला झोप लागली असंल मध्येच, शाळेतली सवय. ऐका. विमान वर गेलं. चष्मेवाला चावी शोधतोय..."

चावी आली, रेडिओ आला, दोर टाकून ओढणं आलं. हात चालू झाले. पण या वेळी ती तिथं थांबली नाही. सगळे उतरले, म्हणाली, पेट्या टाकून, हात जोडून. बाईनं दार उघडलं. लांबुडक्याला आत घेतलं, खाणाऱ्याला घेतलं, पाणी दिलं. चष्मेवाला सगळ्यांत मागे उभा. तोच तर वरून सगळ्यांना सांगत होता, खाली राहिलीय ती एक अडाणी बाई आहे म्हणून. बाईनं रेडिओवर सगळं ऐकलेलं. तिनं त्याच्या तोंडावर दार लावलं.

बायका खदखदून हसल्या. मी चष्मा काढून हातात घेतला, मग परत घातला.

"मग त्याला घेतलं का आत?" जांभई देणारीनं विचारलं.

अक्कानं माझ्याकडे बघितलं नाही. शेजारणीच्या सुपातली सैल विडी उचलून तिनं बाजूला टाकली.

"बघू की," ती म्हणाली. "आधी हात चालवा. माल द्यायला वेळ हाय अजून."